पाडलेल्या उपनगरी चित्रपटगृहाचा इतिहास कसा जुळवावा

जुहूच्या ‘चंदन’प्रमाणे मुंबईच्या उपनगरातले एखादे एकपडदा चित्रपटगृह पाडले गेले आणि त्याचा इतिहास लिहायचा ठरला, तर आधी त्या जागेचा नगर भूमापन क्रमांक शोधून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढावा, जमीन कोणाकडून कोणाकडे गेली हे त्यावरील फेरफारांत तारखेसह सापडते. महापालिकेची हद्द उपनगरांत १९५० आणि १९५७ अशी दोन टप्प्यांत वाढली व दुसऱ्या टप्प्यात ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यामुळे त्याआधीच्या बांधकामाची कागदपत्रे तेव्हाच्या स्थानिक संस्थेच्या दप्तरात शोधावी लागतात.

प्रदर्शनाचा परवाना मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून मिळत असे. माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून परवाना केव्हा दिला, आसनसंख्या किती होती आणि शेवटचे नूतनीकरण कधी झाले, एवढेच नेमके विचारावे. ‘सर्व माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज केल्यास मोघम उत्तर येते. उत्तराची मुदत तीस दिवसांची असली, तरी जुन्या नस्तीसाठी (फायलीसाठी) अपिलाची तयारी ठेवलेली बरी.

खरी गफलत होते ती सालांत. ‘अमुक चित्रपट लागला तेव्हा थिएटर नवे होते,’ असे लोक ठामपणे सांगतात. पण उपनगरांत जुने चित्रपट पुन्हापुन्हा लागत, मॅटिनीला तर हमखास. म्हणून चित्रपटाच्या प्रदर्शनाच्या वर्षावरून थिएटरचे वय ठरवू नये. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जुन्या वृत्तपत्रांच्या फायली पाहायला मिळाल्या, तर शुक्रवारच्या अंकातील ‘रोज ३, ६, ९’ अशा जाहिराती तपासाव्यात आणि थिएटरचे नाव प्रथम व शेवटी कोणत्या अंकात दिसते ते टिपून ठेवावे.

कोणाच्या वहीत तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला, तर तो दोन्ही बाजूंनी पाहावा. मूळ दर आणि करमणूक कर वेगवेगळे छापलेले असतील, तर ते तिकीट १ जुलै २०१७ पूर्वीचे समजावे, कारण त्या दिवसापासून हा कर जीएसटीत विलीन झाला.

डोअरकीपर किंवा प्रोजेक्टर चालवणारे भेटले, तर त्यांना साल विचारू नये. बाल्कनीचा दर किती होता, रिळांचे डबे कोणत्या थिएटरवरून आणि कोणत्या वाहनाने येत, मध्यंतरात वडे कोण विकत असे, हे विचारावे. साल नंतर जाहिरातींतील दरांवरून लावता येते.