पहिली लिनक्स डिस्ट्रो कशी निवडावी

लिनक्सकडे वळू पाहणाऱ्याला सर्वांत आधी बुजवते ती नावांची गर्दी. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन, मांजारो, आर्च अशी डिस्ट्रोंची, म्हणजे लिनक्सच्या वापरायला तयार रूपांची, यादी संपता संपत नाही आणि त्यांपैकी एखादे नाव छातीठोकपणे सुचवणारा कोणी ना कोणी भेटतोच. प्रत्यक्षात नवख्याने विचारात घ्यावेत असे पर्याय तीन-चारच आहेत. त्यांतून निवड करताना आपली कामे, आपला संगणक आणि त्या आवृत्तीला किती काळ अपडेट मिळणार या तीन गोष्टी डिस्ट्रोच्या नावलौकिकापेक्षा अधिक निर्णायक ठरतात.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ज्याची सुरुवात केली, ते लिनक्स म्हणजे काटेकोरपणे पाहता केवळ कर्नल, अर्थात हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला गाभा. त्याभोवती इन्स्टॉलर, डेस्कटॉप, नेहमीची सॉफ्टवेअर आणि अपडेटची व्यवस्था जोडली की वापरण्याजोगी डिस्ट्रो तयार होते. बहुतेक डिस्ट्रो एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभी राहिली, उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट आली, आणि झोरिन व पॉप ओएस याही त्याच घराण्यातल्या. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी ही सॉफ्टवेअर या सगळ्यांवर सारखीच चालतात. त्यामुळे निवड थोडी चुकली तरी आभाळ कोसळत नाही. ती नेमकी झाली तर सुरुवातीच्या दिवसांतला मनस्ताप मात्र पुष्कळ वाचतो.

पहिली पायरी : कामांची यादी करावी

सध्याच्या संगणकावर आठवडाभरात जे प्रोग्राम उघडले जातात, त्यांची नावे कागदावर लिहून काढावीत. ब्राउझर, ईमेल, व्हिडिओ, साधी पत्रे आणि हिशेबाच्या शीट एवढेच काम असेल, तर कोणतीही प्रमुख डिस्ट्रो चालेल. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती, फोटोशॉप किंवा ऑटोकॅड यांची लिनक्ससाठी आवृत्तीच नाही. वाइन या सॉफ्टवेअरच्या मदतीने विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालतात, परंतु ज्यावर पोटापाण्याचे काम अवलंबून आहे, असा प्रोग्राम वाइनच्या भरवशावर सोडू नये. लिबरऑफिसमध्ये वर्डच्या आणि एक्सेलच्या फाइल उघडतात. तरी गुंतागुंतीची मांडणी आणि मॅक्रो असलेल्या आपल्याच दोन-चार फाइल आधी उघडून पाहाव्यात, आणि ही चाचणी विंडोजवर लिबरऑफिस टाकूनसुद्धा करता येते.

खेळांच्या बाबतीत २०१८ पासून स्टीम या खेळांच्या दुकानातल्या, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमुळे चित्र बरेच पालटले आहे. असे असले तरी व्हॅलोरंटसारखे, थेट विंडोजच्या कर्नलमध्ये शिरणारे अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारे सॉफ्टवेअर) वापरणारे खेळ लिनक्सवर चालत नाहीत. या अडचणी डिस्ट्रो बदलून सुटत नसतात. यादीतला एखादा प्रोग्राम अपरिहार्य असेल, तर विंडोज तसेच ठेवून शेजारी लिनक्स बसवण्याचा मार्ग आहे, त्याकडे पुढे येऊच.

दुसरी पायरी : संगणकाची कुंडली पाहावी

रॅम किती, प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणाचे आणि वायफायची चिप कोणाची, हे चार तपशील हवेत. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स हा विभाग उघडला की वायफाय चिपचे नाव दिसते. ते इंटेलचे असेल तर सहसा काही करावे लागत नाही. ब्रॉडकॉमचे असेल तर ड्रायव्हर (हार्डवेअरचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) वेगळा टाकावा लागण्याची शक्यता असते, आणि तेवढ्या वेळेपुरती नेटवर्क केबल किंवा फोनवरून यूएसबी टिथरिंगची सोय हाताशी ठेवावी.

ग्राफिक्स कार्ड इंटेलचे किंवा एएमडीचे असेल तर त्याचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. एनव्हिडियाचे असेल तर या एका कारणासाठी मिंट किंवा उबुंटू निवडणे शहाणपणाचे, कारण मिंटमधील ड्रायव्हर मॅनेजर योग्य ड्रायव्हर स्वतः सुचवतो आणि उबुंटूतही तशीच सोय आहे. पॉप ओएस तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर अंतर्भूत असलेली स्वतंत्र आयएसओ फाइलच (डिस्ट्रो बसवण्यासाठी उतरवायची फाइल) देते. फेडोरात मात्र त्यासाठी बाहेरची रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचे भांडार) जोडावी लागते.

रॅम आठ जीबी किंवा अधिक असल्यास हव्या त्या डेस्कटॉपचा (पडद्यावरची पट्टी, मेन्यू, खिडक्या यांच्या मांडणीचा) विचार करता येतो. चार जीबीवर मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती सुखाने चालते, आणि त्याहून कमी असेल तर लुबुंटू ही उबुंटूची हलकी आवृत्ती पाहावी. अर्थात डेस्कटॉप कितीही हलका असला तरी ब्राउझरची भूक तीच राहते, हे विसरू नये. जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर सर्वांत हलकी डिस्ट्रो शोधण्यात जाणारा वेळ एसएसडी बसवण्यात घालवलेला बरा. वेगात त्याने जो फरक पडतो, तो डिस्ट्रो बदलून पडत नाही. ३२-बिट प्रोसेसरचा संगणक असल्यास पर्याय फारच आटले आहेत. उबुंटूने ती साथ कधीच सोडली, आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही. याउलट संगणक अगदी नवाकोरा असेल, तर जुन्या कर्नलला त्यातले भाग ओळखता येत नाहीत. अशा वेळी फेडोरा किंवा उबुंटूची ताजी आवृत्ती उपयोगी पडते.

तिसरी पायरी : अपडेटची मुदत तपासावी

नवखे लोक बहुधा हीच पायरी वगळतात. ज्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे थांबले, ती कितीही देखणी असली तरी इंटरनेटला जोडून वापरू नये.

उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ ही २०२४ च्या एप्रिलमधली. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीला एलटीएस (दीर्घ मुदतीची) म्हणतात आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना केवळ नऊ महिने. संगणक अगदी नवा नसेल तर नवख्याने एलटीएसच घ्यावी. मिंटची मुख्य आवृत्ती एलटीएसवरच आधारलेली असल्याने हा हिशेब तिला आपोआप लागू होतो. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर बेतलेली असून तिची मुदत २०२९ पर्यंत आहे. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांच्या सुमारास येते आणि एका आवृत्तीला साधारण तेरा महिने अपडेट मिळतात, म्हणजे वर्षातून किमान एकदा मोठे स्थलांतर आलेच. आर्चसारख्या रोलिंग डिस्ट्रोमध्ये आवृत्ती ही कल्पनाच नसते. बदल अखंड येत राहतात आणि एखाद्या बदलाने काही बिघडले तर निस्तरण्याची तयारी वापरणाऱ्याने ठेवावी लागते.

डिस्ट्रोच्या पाठीशी कोण आहे, हेही पाहावे. उबुंटूमागे कॅनॉनिकल कंपनी आहे, फेडोराला रेड हॅटचे पाठबळ आहे, डेबियन स्वयंसेवकांच्या मोठ्या समुदायावर चालते. मूठभर लोकांच्या फावल्या वेळावर चालणारी डिस्ट्रो कधी थांबेल ते सांगता येत नाही. आर्च सोपी करून देणारी अँटर्गोस २०१९ मध्ये बंद झाली, ती चालकांना वेळ देता येईना म्हणून. मोठी कंपनी पाठीशी असली म्हणजे निश्चिंत व्हावे असेही नाही. इंटेलने आपली क्लिअर लिनक्स २०२५ मध्ये गुंडाळली.

येथे लोकप्रियतेच्या याद्यांविषयीही सांगणे भाग आहे. डिस्ट्रोवॉच या संकेतस्थळावरील क्रमवारीचा दाखला वारंवार दिला जातो, परंतु त्या डिस्ट्रोचे पान तेथे किती जणांनी उघडले, एवढेच ती क्रमवारी मोजते. किती लोक ती वापरतात, हे त्यातून कळत नाही. काली लिनक्सचे आकर्षणही असेच फसवे आहे. ती सुरक्षा-चाचणी करणाऱ्या व्यावसायिकांसाठी बनवलेली आहे, आणि लिनक्सशी अपरिचित असणाऱ्यांना ती योग्य नाही, असे तिच्या निर्मात्यांनीच लिहून ठेवले आहे.

चौथी पायरी : डेस्कटॉप निवडावा

रोज डोळ्यांसमोर असतो तो डेस्कटॉप. सिनेमन या मिंटच्या डेस्कटॉपमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू आणि उजवीकडे घड्याळ अशी मांडणी असल्याने विंडोजवरून येणाऱ्याचा हात लगेच बसतो. ग्नोमची घडण वेगळी आहे: खिडक्या लहान करून पट्टीत ठेवण्याऐवजी सगळ्या उघड्या खिडक्या एकत्र पाहायच्या आणि हवी ती निवडायची, ही सवय लावून घ्यावी लागते. केडीई प्लाझ्मामध्ये जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि ज्यांना सेटिंग उकरत बसण्याचा नाद आहे त्यांचा वेळ तेथे हमखास जातो. एक्सएफसीई साधा, हलका आणि किंचित जुन्या वळणाचा.

एवढा विचार झाला की दोन नावे पक्की करावीत, दोनच. माझे मत विचाराल तर सर्वसाधारण संगणकासाठी लिनक्स मिंटची सिनेमन आवृत्ती पहिल्या क्रमांकावर आणि उबुंटू एलटीएस दुसऱ्या क्रमांकावर. संगणक जुना असेल तर सिनेमनच्या जागी एक्सएफसीई, आणि अगदी नवा असेल तर मिंटच्या जागी फेडोरा. उबुंटूचा एक मोठा फायदा असा की अडचणीचा शोध घेतला तर बहुतेक उत्तरे तिलाच धरून लिहिलेली सापडतात, आणि ती मिंटलाही बहुतांशी लागू पडतात.

पाचवी पायरी : फाइल उतरवून पडताळावी

आयएसओ फाइल डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि शेजारी दिलेल्या एसएचए-२५६ चेकसमशी ताडून पाहावी. चेकसम म्हणजे फाइलवरून काढलेली ६४ अक्षरांची खूण. फाइलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी ती पार बदलते. ही नुसती औपचारिकता नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसून डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि काही काळ लोकांना मागचे दार बसवलेली आयएसओ मिळत होती. संकेतस्थळच हल्लेखोरांच्या हाती गेले तर तेथला चेकसमही बदलता येतो, म्हणून डिस्ट्रोने दिलेली डिजिटल सही तपासण्याची कृतीही जमल्यास करावी.

नंतर ही फाइल रूफस किंवा बलेना एचर वापरून आठ जीबी किंवा अधिक क्षमतेच्या पेनड्राइव्हवर लिहावी. पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. व्हेंटॉय वापरल्यास एकाच पेनड्राइव्हवर दोन्ही आयएसओ ठेवता येतात, आणि तुलनेसाठी ते फार सोयीचे पडते.

सहावी पायरी : न बसवता चालवून पाहावी

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला की डिस्ट्रो लाइव्ह स्वरूपात चालते आणि आपण सांगेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. येथे घाई करू नये. वायफायला जोडावे, एखादा व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, कॅमेरा आणि माइक तपासावेत, ब्लूटूथ हेडफोन जोडावा, प्रिंटर असल्यास एक पान छापावे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून जोडाक्षरे नीट उमटतात का, हेही पाहावे. लॅपटॉपचे झाकण मिटून मिनिटभराने उघडावे. पडदा काळाच राहिला किंवा उठल्यावर वायफाय गायब झाले, तर ती तक्रार आत्ताच कळलेली बरी. पेनड्राइव्ह मंद असल्यामुळे वेगाचा निष्कर्ष मात्र या चाचणीवरून काढू नये. तसेच एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर लाइव्ह स्वरूपात सहसा नसतो, म्हणून चित्र थोडे अडखळले तर तेवढ्यावरून डिस्ट्रो बाद करू नये. दोन्ही डिस्ट्रोंना हीच परीक्षा द्यायला लावावी. जिच्यात अधिक गोष्टी काही न करता चालल्या, ती आपली.

सातवी पायरी : बसवण्यापूर्वीची तयारी

आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्याशिवाय इन्स्टॉलर सुरू करू नये. विंडोज ठेवायचे असेल तर त्याचे विभाजन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करून जागा मोकळी करावी, फास्ट स्टार्टअप (विंडोजची झटपट सुरू होण्याची सोय) बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवावी. बूटच्या व्यवस्थेत बदल झाला की बिटलॉकर ती मागू शकतो. सिक्युअर बूट (सही केलेले सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) सरसकट बंद करण्याची गरज नाही, कारण उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरा या चारही त्याच्यासह चालतात. फक्त एनव्हिडियासारखा बाहेरचा ड्रायव्हर टाकताना इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर एमओके (संगणकाच्या मालकाने मान्य केलेली सहीची की) मॅनेजमेंटचा मेन्यू येतो. तेथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून कंटिन्यू बूट दाबले, तर ड्रायव्हर टाकूनही तो चालू होत नाही.

बसवून झाल्यावर सर्व अपडेट घ्यावेत आणि टाइमशिफ्ट या प्रोग्राममध्ये एक स्नॅपशॉट (सिस्टीमच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद) काढून ठेवावा, म्हणजे पुढे सिस्टीम बिघडली तर त्या स्थितीला परतता येते. मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासूनच असते. ते सिस्टीमच्या फाइली सांभाळते, आपल्या कागदपत्रांची प्रत त्यात येत नाही. पुढे कधी डिस्ट्रो बदलाविशी वाटली तर आधी कारण शोधावे: रूप आवडत नसेल तर त्याच डिस्ट्रोत दुसरा डेस्कटॉप टाकता येतो, एखाद्या प्रोग्रामची आवृत्ती जुनी वाटत असेल तर फ्लॅटपॅक या, कोणत्याही डिस्ट्रोवर सॉफ्टवेअर टाकता येणाऱ्या व्यवस्थेतून नवी मिळते, आणि नवे हार्डवेअर चालत नसेल तर मिंटच्या अपडेट मॅनेजरमधूनही नवा कर्नल निवडता येतो.