पिकअप घाटात दम टाकतेय? हवेच्या कामातल्या या चुका टाळा

सोयाबीनचे कट्टे भरून, मागे ट्रॉली जोडून मांजरसुंब्याचा घाट चढताना गाडी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यायला लागली, की आपल्याकडे सल्ला ठरलेला: ‘टर्बो गेला, नवा टाक.’ नाहीतर ‘मोठा फिल्टर बसव, सायलेन्सर मोकळा कर.’ (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.) पैसे काढायच्या आधी एवढं बघा, इंजिनाला ठरलेली हवा तरी पूर्ण मिळतेय का? माझ्या मते जुन्या पिकअपची ओढ वाढवणं म्हणजे बहुतेक वेळा गेलेली ओढ परत आणणं.

सुरुवात एअर फिल्टरपासून करा. मळणीच्या हंगामात, कच्च्या रस्त्यावर तो ठरल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी जाम होतो. इथवर ठीक, खरी चूक साफ करताना होते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी कागदाला टेकवून बाहेरून आत हवा मारतात. धूळ आणखी रुतते, कागदाला बारीक भोकं पडतात. हवा नेहमी आतून बाहेर, 30 पीएसआय दाबाच्या आत, नळी लांब धरून मारा. मग अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च लावा. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकून द्या. अजून एक, फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर कितीही नवा असो, डब्याचं रबर बसलेलं नाही. तीच माती टर्बोची पाती आणि लायनर-रिंग (सिलेंडरचं आतलं अस्तर आणि पिस्टनच्या कड्या) खाते.

बोनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावायची हौस मराठवाड्याच्या उन्हात तर नकोच. 15 अंशांच्या मानाने 42 अंशांच्या हवेचा दाटपणा साधारण 8-9 टक्के कमी, आणि इंजिनाजवळची हवा त्याहून तापलेली. आवाज मात्र झकास येतो. मूळ पाइप बाहेरची हवा घेतो, तो तसाच राहू द्या.

काळा धूर आणि ओढ कमी, असं दोन्ही एकदम दिसलं तर आधी टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज तपासा. फट असेल तिथं तेलाचा ओलावा येतो आणि त्यावर धूळ बसून काळा चिखलाचा पट्टा तयार होतो. भार असताना ‘फुस्स’ असा आवाजही येतो. उभ्या गाडीत दाब चढतच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये सगळं ठीक वाटतं. टर्बोच्या ॲक्च्युएटरला, म्हणजे त्याचा दाब सांभाळणाऱ्या डबीला जाणारी बारीक नळीही बघा. गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदराने कुरतडलेली असू शकते. होज आवळणाऱ्या पन्नास-शंभराच्या क्लॅम्पपायी टर्बो बदललेले लोक आहेत.

इंटरकूलरच्या तोंडावर आपण काय काय बांधतो! जादा लाइट, गोंडे, नावाची पाटी, त्यात जाळीत अडकलेला भुसा आणि किडे. टर्बोने दाबलेली हवा तापते आणि तीच थंड करायला इंटरकूलर असतो. समोरचं मोकळं ठेवा. धुताना वॉशिंगचा जोरदार फवारा जवळून मारू नका, पत्र्याची पाती वाकतात.

सायलेन्सर कापणं, ईजीआरला (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेला) पत्रा मारून बंद करणं, बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर काढणं असले उद्योग करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये (गाडीतले बेकायदा फेरफार) अडकाल ते वेगळंच. ईजीआरमध्ये काजळी साचली असेल तर साफ करून घ्या. ट्यूनिंगचा डबा लावून नुसतं डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच राहिली, तर धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो आणि घाटात पिस्टनवर येतं.

घाट चढून वर आल्यावर लगेच चावी फिरवू नका, दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. इंजिन बंद झालं की तेल थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगमध्ये ते जळून कोळसा होतं.

हे सगळं ठीक असूनही ओढ नाही? मग आरपीएम चढतो आणि वेग वाढत नाही का ते बघा. तसं असेल तर क्लच घसरतोय. थोडं चालवून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघा, टेकवू नका, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला होता, तेही आठवा.