देवावर भरवसा: रोजच्या जगण्यात या चुका टाळा

उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेबांचा हात हातात घेऊन कुणीतरी हळूच म्हणतं, "माझ्यासाठी प्रार्थना करा, विश्वास डळमळायला लागलाय." विचारपूस केली की कारणं रोजचीच निघतात. मुलाला नोकरी लागत नाही, नवऱ्याची दारू सुटत नाही, घराचा हप्ता थकलाय. बायबल अभ्यासाच्या गटात मला अशी माणसं सतत भेटतात. प्रभूवरची त्यांची माया आटलेली नसते. पण काय घडायला हवं आणि कधी, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं असतं आणि सगळा भरवसा त्या ठरलेल्या गोष्टीवर टाकलेला असतो. ती घडली नाही की देवच दूर गेल्यासारखा वाटतो. खालच्या बहुतेक चुका याच मुळातून उगवतात.

वचन अर्धं वाचणं

31 डिसेंबरच्या रात्री, वॉचनाइटच्या उपासनेत, वचनाची चिठ्ठी उचलायची पद्धत अनेक मंडळ्यांत आहे. चिठ्ठीवर यिर्मया 29:11 निघालं की चेहरा खुलतो. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते आशा देणारे आहेत! चिठ्ठी फ्रीजवर चिकटते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर जाते. जून उजाडला आणि मुलाखतीचं पत्र आलं नाही, की तीच चिठ्ठी बघवत नाही.

आता तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेलं ते पत्र आहे. त्यात देव त्यांना सांगतो: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं हित पाहा आणि त्यासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी अगोदर, दहाव्या वचनात, मुदत दिली आहे: 70 वर्षं. पत्र ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना परतीची वाट दिसणारच नव्हती. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दोन वर्षांत सुटकेचं आश्वासन देतो. लोकांना ऐकायला गोड वाटावं असंच ते होतं, पण ते देवाकडून आलेलं नव्हतं.

मला तर हे पूर्ण पत्र त्या एका चिठ्ठीपेक्षा कितीतरी अधिक धीर देतं. वाट बघण्याच्या काळातही बाग लावता येते, लेकीचं लग्न करता येतं, आणि तो काळ देवाच्या संकल्पाबाहेरचा नाही, असं ते सांगतं. म्हणून चिठ्ठी जरूर उचला. घरी आल्यावर मात्र तो अख्खा अध्याय वाचा, हे कुणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगितलं होतं ते वहीत लिहा, आणि त्या अध्यायात करायला सांगितलेली एक गोष्ट आपल्या घरात कोणती होईल ते ठरवा. नोकरी शोधणाऱ्या मुलासाठी ती गोष्ट एखादा कोर्स असेल, नाहीतर शेजारच्या मुलांची शिकवणी.

औषधं बंद करून विश्वास सिद्ध करायला जाणं

या चुकीवर मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण ती जीव घेते.

कन्व्हेन्शनमध्ये प्रार्थना होते, आजारी माणूस पुढे जातो, डोक्यावर हात ठेवले जातात, अंगात हलकं वाटतं. घरी आल्यावर गोळ्यांच्या डब्यातले सोमवार ते रविवारचे खण तसेच भरलेले राहतात. पांढरी गोळी बीपीची, छोटी पिवळी शुगरची. सुनेने विचारलं तर उत्तर तयार असतं: "गोळी घेतली म्हणजे अविश्वास झाला." काही आठवड्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळते तेव्हा घरच्यांना कळतं. मिरगीची गोळी अचानक थांबवली तर झटके परत येतात. टीबीचा कोर्स मधेच सोडला तर औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने इंजेक्शन थांबवलं तर दवाखान्यात पोचेपर्यंतही उशीर होऊ शकतो.

पवित्र शास्त्र काय दाखवतं? 2 राजे 20 मध्ये हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, देव त्याचं ऐकतो आणि त्याला आणखी 15 वर्षं आयुष्य देतो. लगेच यशया संदेष्टा सांगतो, अंजिरांचा लगदा आणा, आणि तो गळवावर बांधला जातो. प्रार्थनेचं उत्तर आणि पोटीस दोन्ही एकाच अध्यायात आहेत. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. ज्याच्या हातून कित्येक जण बरे झाले तोच पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे जातो आणि पत्रात तसं सरळ लिहितो.

आपल्याच भूमीतली साक्षही हीच आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेला 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दाम्पत्याने 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि खेड्यातल्या, अनेकदा निरक्षर असलेल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. प्रार्थना आणि स्टेथोस्कोप यांत त्यांना भांडण दिसलं नाही.

कुणी सेवक गोळ्या बंद करायला सांगत असेल तर नम्रपणे एवढंच म्हणा: "डॉक्टरांना विचारते आणि मग ठरवते." प्रभूने खरंच बरं केलं असेल तर ते रिपोर्टमध्ये दिसेल, आणि गोळी कमी करायचं डॉक्टर स्वतः सांगतील. तेव्हा मंडळीत उभं राहून साक्ष द्या, कागद हातात घेऊन द्या.

उद्याचं ओझं आजच उचलणं

रात्री जाग येते आणि डोक्यात हिशोब सुरू होतो. हप्ता, शाळेची फी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि हे सगळं पुढची पाच वर्षं. निर्गम 16 मध्ये मान्ना, म्हणजे रानात देवाने पुरवलेलं अन्न, रोज सकाळी गोळा करायचा होता, ज्याच्या त्याच्या गरजेपुरता. काहींनी भीतीपोटी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले. प्रभू येशूनेही तेच सांगितलं: "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे."

याच्या उलट टोकाचीही एक चूक आहे. "उद्याची चिंता करू नका" म्हणून विमा नाही, बचत नाही, मुलीच्या फीची तजवीज नाही. पण त्याच सोळाव्या अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा आहे, आणि तो साठा नासत नाही. योसेफाने मिसरात सुकाळाच्या 7 वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून घेतला. तयारी करा. जे आज करता येतं ते कागदावर उतरवा: बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागणं, ऑपरेशनसाठी सरकारी योजनेची कागदपत्रं गोळा करणं. उरलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. रात्री पुन्हा जाग आली तर तोच कागद वाचा, नवा हिशोब मांडू नका.

खूण मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं

"गिदोनासारखी लोकर पसरली आहे," असं म्हणत स्थळाला होकार नाही, नकारही नाही. समोरच्या मुलीच्या घरचे सहा महिने ताटकळलेले. शास्ते 6 नीट वाचलं तर दिसतं की देवाने गिदोनाला काय करायचं ते आधीच स्पष्ट सांगितलं होतं. रात्री पसरलेल्या लोकरीवर दव पडतं की नाही, अशी खूण मागताना गिदोन स्वतः म्हणतो, माझ्यावर रागावू नकोस. देवाने त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं, एवढंच. ती निर्णय घ्यायची रीत म्हणून दिलेली नाही.

नहेम्या कसा वागला ते पाहा. यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून येणार अशी बातमी आली. त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. पंडिता रमाबाईंचं केडगावचं काम असंच उभं राहिलं. त्यांच्या मुक्ती मिशनची मंडळी प्रार्थनेवर जगत होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रमाबाईंनी माळरानावर जमीन घेतली, विहिरी खणून घेतल्या, फळबाग लावली. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या मुली विणकाम शिकल्या, शेती शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं.

निर्णय अडलाय? प्रार्थना करा, त्या विषयातल्या दोन जाणत्या माणसांना विचारा, एक तारीख ठरवा. त्या दिवशी उत्तर द्या. निर्णय चुकला तरी देवाच्या हातून तुम्ही निसटत नाही.

देवाशी सौदा

"इतके रुपये बी म्हणून पेरा, शंभरपटीने कर्ज फिटेल." मोबाइलवरच्या प्रवचनाखाली क्यूआर कोड असतो, आणि हप्ते थकलेली माणसंच तो आधी स्कॅन करतात. अशा दानाला मी भरवसा म्हणणार नाही. आधी उधारी फेडा. दान कृतज्ञतेने द्या, हिशोब मनात ठेवून देऊ नका. मूर्तीपुढे वाकला नाहीत तर भट्टीत टाकीन असं धमकावणाऱ्या बाबेलच्या राजासमोर शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो म्हणाले की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. हे "तरी" आपल्या साक्षींमधून गायब झालंय. ज्यांचं दुखणं बरं झालं त्यांनाच माइक मिळतो. दुखणं तसंच असून प्रभूला धरून असलेल्या मावशींनाही एखाद्या रविवारी बोलायला उभं करा.

रडणाऱ्याला विश्वासाचे धडे देणं

घरात मृत्यू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी कुणीतरी म्हणतं, "रडू नका, तुमची साक्ष बिघडेल." हे वाक्य मंडळीतून कायमचं जावं असं मला मनापासून वाटतं. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. 13 वं स्तोत्र "कोठवर" असं पुन्हा पुन्हा विचारतं. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला.

एलीया संदेष्टा मरण मागत झुडुपाखाली पडला होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. कुणाची झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे गेलं असेल, जगून काय करू असे शब्द तोंडात येत असतील, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनवर 14416 हा नंबर लावून मराठीत बोलता येतं.

भेटायला जायचं तर पहिल्या आठवड्यात सगळेच जातात. तुम्ही महिनाभराने परत जा. तेव्हा घर रिकामं झालेलं असतं, आणि मृत्यूचा दाखला, बँकेतली वारसनोंद, पेन्शनचा अर्ज, गॅसचं कनेक्शन अशी कामं पडून असतात. सोबत झेरॉक्स काढून ठेवा, रांगेत तुम्ही उभे राहा आणि त्या बाईंना बाकावर बसू द्या.