नेतृत्व परिषदेचा स्थानिक कामासाठी उपयोग कसा करून घ्यावा

नेतृत्व परिषदेला जाऊन आलेला कार्यकर्ता साधारणपणे तीन गोष्टी घेऊन परततो : भरलेली नोंदवही, गळ्यातले ओळखपत्र आणि आठ-दहा दिवस टिकणारा उत्साह. उत्साह ओसरला की नोंदवही कपाटात जाते आणि संस्थेचे काम पूर्वी जिथे अडले होते तिथेच अडून राहते. याचा दोष बहुतेक वेळा आयोजकांना दिला जातो. माझ्या मते खरी चूक परिषदेच्या आधीच झालेली असते, कारण कोणता प्रश्न घेऊन जायचे हे संस्थेत कोणी ठरवलेलेच नसते.

म्हणून तयारीची बैठक परिषदेच्या निदान तीन आठवडे आधी घ्यावी आणि तिच्यापुढे एकच विषय ठेवावा : आपले कोणते काम नेमके कुठे अडले आहे? उत्तर सुरुवातीला ढोबळ येते. ‘तरुणांचा सहभाग वाढवायचा आहे’ हे वाक्य कोणत्याही संस्थेला लागू पडते, आणि त्यामुळेच ते घेऊन गेलेल्या माणसाला परिषदेत कोणीही उपयोगाचे काही सांगू शकत नाही. ‘आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गाला स्वयंसेवक मिळतात, पण दुसऱ्या महिन्यात ते यायचे थांबतात, आणि का थांबले हे आम्ही त्यांना कधी विचारलेले नाही’ असे लिहिले की प्रश्नाला आकार येतो. अनेकदा असे लिहितानाच अर्धे उत्तर सापडते. तसे झाले तर परिषदेला जाण्याची घाई न करता आधी त्या स्वयंसेवकांना भेटावे.

घरचा प्रश्न नेमका माहीत असलेला माणूस शिबिराचे काय करू शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यात सापडते. दक्षिण कॅरोलायना राज्यातील जॉन्स आयलंड या बेटावर राहणारे एसॉ जेंकिन्स बस चालवत. मतदार म्हणून नोंदणी करताना कृष्णवर्णीयांना राज्यघटनेतील मजकूर वाचून दाखवावा लागे, म्हणून प्रवाशांना तो मजकूर शिकवण्याचा खटाटोप ते बसमध्येच करत. १९५४ साली शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांच्या आग्रहावरून ते टेनेसीतील हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या शिबिराला गेले. शिबिराचा विषय होता संयुक्त राष्ट्रसंघ. जेंकिन्स यांनी तिथे आपल्या बेटावरच्या प्रौढांना लिहिता-वाचता येत नसल्याची अडचण मांडली, आणि हायलँडरच्या मंडळींनी ती बाजूला न सारता तिच्यावर काम सुरू केले. जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत १४ जणांचा पहिला वर्ग भरला. शिकवायला प्रशिक्षित शिक्षक न आणता केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या बर्निस रॉबिन्सन यांना बोलावले गेले, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी जमलेल्यांना ‘तुम्हाला काय शिकायचे आहे?’ असे विचारले. स्वतःची सही करता यावी, पत्र लिहिता यावे, अर्ज भरता यावा अशी उत्तरे आली, आणि अभ्यासक्रम त्या उत्तरांवरून ठरला. पुढे असे वर्ग दक्षिणेकडील अनेक राज्यांत पसरले. शिबिर आणि पहिला वर्ग यांच्यात सुमारे अडीच वर्षे गेली, हे मात्र ‘परतल्यावर महिनाभरात निकाल दाखवा’ म्हणणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न ठरला की कोणाला पाठवायचे हेही बरेचसे ठरते. अध्यक्षांना पाठवण्याची पद्धत सोयीची असते, पण ज्याच्या हातात ते अडलेले काम आहे त्याने जायला हवे, आणि शक्य असेल तर दोघांनी जावे. एकट्याने आणलेली कल्पना ‘त्याची’ राहते. दोघांनी आणलेल्या कल्पनेवर परतीच्या प्रवासातच वाद होतो आणि ती थोडी घासूनपुसून संस्थेपुढे येते. नोंदणी शुल्क भरून संस्थेची जबाबदारी संपत नाही. प्रवासखर्च, बुडालेली मजुरी, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असल्यास त्याची सोय यांचा विचार आधी केला नाही, तर ज्यांना सवड आणि पैसा आहे तेच दरवेळी प्रतिनिधी होतात.

प्रत्यक्ष परिषदेत सगळी सत्रे ऐकण्याचा अट्टहास धरू नये. मोठ्या वक्त्यांची भाषणे ऐकायला छान असतात. मी ऐकलेली बहुतेक मला आज आठवत नाहीत. आपल्यासारखेच काम करणारी दोन-तीन माणसे शोधून त्यांच्याशी सविस्तर बोलणे अधिक लाभाचे ठरते. त्यांना यशाविषयी विचारू नये, ते ती मंडळी आपणहून सांगतातच. पहिल्या तीन महिन्यांत काय फसले, सुरुवात करणारी व्यक्ती सोडून गेल्यावर काम कोणी सांभाळले, दुसऱ्या वर्षी पैसा कुठून आला, हे विचारावे. परिषदेतला सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे मध्यंतरातल्या गप्पा, या निरीक्षणावरूनच संस्थांचे सल्लागार हॅरिसन ओवेन यांनी १९८५ साली ‘ओपन स्पेस’ ही सभा घेण्याची पद्धत वापरायला सुरुवात केली. तिच्यात विषय जमलेली माणसेच सुचवतात, आणि जिथे आपण शिकत नाही वा काही देतही नाही तिथून उठून दुसऱ्या गटात जाण्याची मुभा असते. ही पद्धत आपल्या संस्थेच्या सभेतही वापरून पाहण्यासारखी आहे.

नोंदवहीचे पान उभी रेघ मारून दुभागावे : डावीकडे ऐकलेले, उजवीकडे ‘आमच्याकडे याचे काय?’. उजवी बाजू सलग चार पाने कोरी राहिली, तर सत्र बदलण्याची वेळ झाली असे समजावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असल्याचे दिसले होते. तेव्हा उजव्या बाजूच्या नोंदींवरून एक पानी टिपण परतीच्या प्रवासातच तयार करावे, पुढच्या रविवारवर ढकलू नये.

परतल्यानंतरच्या बैठकीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिथे मी स्वतः फसलो आहे. एका परिषदेहून आल्यावर मी सव्वा तास वृत्तांत सांगितला, चित्रे दाखवली, टाळ्याही मिळाल्या. त्या सभेच्या इतिवृत्तात एवढेच वाक्य आहे : ‘प्रतिनिधींनी वृत्तांत सादर केला, सभेने आभार मानले.’ कोणी काय करायचे याचा त्यात उल्लेखही नाही. आता मी वृत्तांताला दहा मिनिटे देतो आणि उरलेला वेळ सोबत नेलेल्या प्रश्नाला. आणलेल्या कल्पनांपैकी एकच निवडावी आणि ती सहा आठवड्यांच्या छोट्या प्रयोगाएवढी करून घ्यावी. इतिवृत्तात काम, करणाऱ्याचे नाव, जागा आणि वार लिहावा. ‘स्वयंसेवकांशी संपर्क वाढवावा’ असे न लिहिता ‘थांबलेल्या पाच स्वयंसेवकांना सचिवांनी येत्या बुधवारपर्यंत प्रत्यक्ष भेटावे’ असे लिहावे. केव्हा आणि कुठे हे आधी ठरवलेले काम पार पडण्याची शक्यता वाढते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातूनही दिसून आले आहे. आढाव्याची तारीखही त्याच बैठकीत ठरवावी.

या बैठकीत ‘तिकडे चालते, आपल्याकडे चालणार नाही’ असे म्हणणारे कोणीतरी असतेच. परिषदेहून ताजा परतलेला माणूस त्याला जुन्या वळणाचा ठरवून मोकळा होतो. तसे करू नये. ‘आपल्याकडे नेमके काय आड येईल?’ असे त्यालाच विचारावे आणि त्याचे उत्तर लिहून घ्यावे. पूर्वी असा प्रयत्न कधी झाला आणि तो का फसला, हे बहुधा त्यालाच ठाऊक असते, आणि परिषदेत कोणताही वक्ता ते सांगू शकत नाही.

परिषदेत जमलेल्या ओळखींपैकी दोन टिकवता आल्या तरी पुरे. महिन्याने फोन करून आपल्या प्रयोगाचे काय झाले ते कळवावे, विशेषतः तो फसला असल्यास.

पुढच्या परिषदेचे निमंत्रण आले की प्रतिनिधींची नावे ठरवण्याआधी मागच्या परिषदेनंतरचे इतिवृत्त सभेत वाचावे. त्यातले ठरलेले काम झालेच नसेल, तर नोंदणीची रक्कम त्या वर्षी त्याच कामासाठी ठेवावी. काम सुरू होऊन मध्येच अडले असेल, तर ते करताना ज्याची अडचण झाली, त्याचे नाव यादीत सर्वांत वर लिहावे.