जुनी तीनचाकी एटीसी पुन्हा उभी करताना या चुका टाळा

अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावते, तेव्हा विक्रेत्यांच्या दुकानात मांडायला काहीतरी हवे, या गरजेतून होंडाने १९७० साली यूएस९० नावाचे तीनचाकी वाहन बाजारात आणले. ओसामु ताकेउची यांनी आखलेली ही गाडी लवकरच एटीसी९० (एटीसी म्हणजे ऑल टेरेन सायकल) या नावाने ओळखली जाऊ लागली. ८९ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन, २२ इंची फुगीर टायर आणि स्प्रिंग किंवा शॉक अॅब्झॉर्बर यांचा पूर्ण अभाव अशी तिची रचना होती. पुढे ११०, १८५, २०० आणि टू-स्ट्रोक २५०आर अशी मॉडेल आली, यामाहा आणि कावासाकी यांनीही आपापल्या तीनचाकी काढल्या, आणि अपघातांच्या मालिकेनंतर एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार कंपन्यांनी तेथे नव्या तीनचाकींची विक्री थांबवली. त्यामुळे आज तेथे एखाद्या शेताच्या कोठारात ताडपत्रीखाली सापडणारी एटीसी साडेतीन दशकांहून जुनीच असते, आणि त्यातली निदान दहा-पंधरा वर्षे तिने न हलता काढलेली असतात.

अशी गाडी इतकी वर्षे पडून राहिल्याने जेवढी बिघडते, त्याहून अधिक ती नव्या मालकाच्या पहिल्या आठवड्यातल्या उत्साहाने बिघडते, असे माझे मत आहे. खाली दिलेल्या चुकांपैकी दोन मी स्वतः केल्या आहेत. त्या कोणत्या, हे वाचकाने ओळखावे.

आणल्या आणल्या दोरी ओढणे

एटीसी९० सारख्या गाड्यांना किक किंवा बटण नसते. लॉन मोवरप्रमाणे दोरी ओढून इंजिन फिरवायचे असते. गाडी ट्रेलरवरून उतरवताच प्रत्येकाचा हात त्या दोरीकडे जातो, आणि येथेच पहिले नुकसान होते. पिस्टन गंजाने सिलिंडरला धरला असेल, तर जोराच्या हिसक्याने दोरी तुटते किंवा स्टार्टरच्या आतली खिट्टी मोडते. पिस्टन मोकळा असला, तरी एअर बॉक्समध्ये, म्हणजे एअर फिल्टरच्या पेटीत, उंदराने केलेले घरटे पहिल्याच फेऱ्यात कार्ब्युरेटरमार्गे आत ओढले जाण्याचा धोका राहतो. म्हणून आधी स्पार्क प्लग काढावा, एअर बॉक्स उघडून साफ करावा, प्लगच्या भोकातून थोडे पातळ तेल सोडावे, आणि मग मॅग्नेटोच्या नटवर पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे.

इंजिन जाम असेल तर घाई करू नये. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे तेल आणि अॅसिटोन यांचे समभाग मिश्रण सिलिंडरमध्ये सोडून चार-पाच दिवस तसेच ठेवावे, रोज थोडी भर घालावी आणि पान्याने पुढेमागे केसभर हलवत राहावे. हे मिश्रण पटकन पेट घेते, त्यामुळे जवळ वेल्डिंग किंवा हीटर चालू नसावा. पिस्टन सुटला म्हणजे काम झाले असे समजून लगेच पूर्ण फेरा मारणे ही त्यापुढची चूक होय. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांची, झाकणे उघडून दोन्ही व्हॉल्व्ह खरोखर वरखाली होत आहेत का, ते पाहावे. एखादा व्हॉल्व्ह गंजून उघड्या स्थितीत अडकला असेल, तर वर येणारा पिस्टन त्याला वाकवू शकतो.

ज्यांनी भारतात हीरो होंडाच्या सीडी१०० चे इंजिन उघडलेले पाहिले असेल, त्यांना एटीसी९० आणि एटीसी११० चे इंजिन अनोळखी वाटणार नाही. जवळजवळ आडवा सिलिंडर, डोक्यावर कॅम आणि त्याला फिरवणारी बाजूची साखळी, ही ठेवण एकाच घराण्यातली आहे. फरक एवढाच, की एटीसीला क्लचचा लिव्हर नाही. गिअर पायाने बदलायचा आणि क्लच आपोआप सुटतो, जसा आपल्याकडे हीरो होंडा स्ट्रीटमध्ये सुटत असे.

चुकीचा स्क्रूड्रायव्हर

हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण इंजिनाच्या झाकणांवरचे निम्मे स्क्रू यामुळेच बाद होतात. जपानी गाड्यांवरची अधिक चिन्हासारखी खाच जेआयएस या जपानी औद्योगिक मानकाची असते आणि ती फिलिप्स खाचेहून किंचित वेगळी असते. फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलले जाते आणि खाच गोल होते. जेआयएस टोक घ्यावे आणि हट्टी स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. अॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले, की पुढचे काम दुपटीने वाढते.

पेट्रोल, कार्ब्युरेटर आणि तेलाचा वास

जुन्या पेट्रोलचा कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखा थर बनतो. कार्ब्युरेटर न उघडता वरून क्लीनरचा स्प्रे मारणे निरर्थक आहे, कारण सर्वात आधी बुजतो तो स्लो जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी, आणि त्याचे भोक केसाएवढे असते. सगळे जेट बाहेर काढून, प्रकाशाकडे धरून आरपार दिसेपर्यंत साफ करावेत. त्यासाठी तारेऐवजी नायलॉनचा दोरा किंवा जेटसाठी मिळणाऱ्या बारीक सुया वापराव्यात, कारण जाड तारेने भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. बाजारात मिळणारा स्वस्त नकली कार्ब्युरेटर बसवून मूळचा फेकून देणे ही तर मोठीच चूक आहे. गंजलेला मूळ कार्ब्युरेटर बहुधा सुधारता येतो, पण नकलीचे जेट त्या इंजिनाला जुळतीलच याची खात्री नसते.

टाकीचा गंज काढण्यासाठी व्हिनेगर चालते, पण नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश घालवला नाही, तर दुसऱ्याच दिवशी टाकी पुन्हा तांबूस होते. आतून लायनर, म्हणजे गंज रोखणारा लेप, ओतण्याची घाई करू नये. ओलसर किंवा तेलकट पत्र्यावर ओतलेला लायनर वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो आणि पेट्रोल कॉक बंद करतो.

इंजिन सुरू करण्याआधी तेलाची कांडी काढून वास घ्यावा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल रोखणारी फ्लोटची सुई गळत असेल आणि कॉक उघडा राहिला असेल, तर पेट्रोल सिलिंडरमार्गे क्रँककेसमध्ये उतरते, तेलाची पातळी वाढलेली दिसते आणि भोळा मालक ‘तेल भरपूर आहे’ म्हणून समाधानी होतो. अशा पातळ तेलावर इंजिन चालवले तर बेअरिंग आणि कॅम दोन्ही जातात. नवे तेल घालताना ते ओल्या क्लचसाठी योग्य, म्हणजे मोटारसायकलचे असावे. घर्षण कमी करणारी रसायने घातलेल्या कारच्या तेलाने क्लच घसरू लागतो.

इंजिन चोक ओढल्यावर चालते आणि चोक सोडताच मरते, असे झाले तर बहुतेक वेळा स्लो जेट अजून बुजलेला असतो किंवा कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडातून हवा आत येत असते. प्लग काळा आणि काजळलेला निघत असेल, तर चोक अर्धवट अडकलेला आहे का, एअर फिल्टर बुजला आहे का आणि फ्लोटची उंची बरोबर आहे का, या क्रमाने पाहावे. सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे सील कडक झालेले असतात. धूर सतत येत असेल तर रिंगा तपासाव्या लागतील.

स्पार्क गेला म्हणून कॉइल विकत घेणे

एटीसी९० मध्ये पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी विद्युतप्रवाह तोडणारे-जोडणारे संपर्क, असतात, आणि पडून राहिलेल्या पॉइंटवर बुरशीसारखा थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने तो काढून, कोऱ्या कागदाने पुसून, अंतर ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवले, की अनेकदा स्पार्क परत येतो. हँडलवरचे इंजिन बंद करायचे बटण आतून गंजून वायर चॅसिसला टेकवून ठेवते, हेही तितकेच नेहमीचे कारण आहे. त्याची वायर तात्पुरती सोडून पाहावी. फ्रेमला नुकतेच पावडर कोटिंग केले असेल आणि त्यानंतर स्पार्क गेला असेल, तर कॉइल जिथे फ्रेमला बसते तिथला रंग खरवडावा, कारण कॉइलला अर्थ त्याच जागेतून मिळतो.

टॅपेटची फट या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरवर, इंजिन पूर्ण थंड असताना लावतात. टॅपेटचा आवाज ऐकून ती अंदाजाने लावणारे जुने मिस्त्री मला माहीत आहेत, पण एवढ्या बारीक अंतरासाठी फीलर गेजला पर्याय नाही.

टायर: सर्वात मोठी आणि सर्वात सामान्य चूक

बहुतेक जण टायरला कारप्रमाणे हवा भरतात. जुन्या होंडा एटीसीच्या टायरमध्ये शिफारस केलेला दाब सुमारे ०.१५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे २.२ पीएसआय इतकाच आहे. पेट्रोल पंपावरचा गेज एवढा दाब दाखवतच नाही. काटा हलेपर्यंत हवा भरली की टायर चेंडूसारखा कडक होतो, आणि ज्या गाडीला स्प्रिंगच नाही तिची एकमेव गादी आपण काढून घेतलेली असते. मग ती प्रत्येक दगडावर उडते, जमिनीवरची पकड कमी होते आणि वळणावर अचानक कलंडते. शून्यापासून दहा पीएसआयपर्यंत वाचणारा कमी दाबाचा गेज ही या छंदातली पहिली खरेदी असावी.

मागच्या दोन चाकांना जोडणारा धुरा सलग असून त्यात डिफरन्शियल नाही, म्हणजे दोन्ही चाके नेहमी एकाच वेगाने फिरतात. एका टायरचा घेर दुसऱ्यापेक्षा थोडा जरी जास्त झाला, तरी गाडी सरळ जमिनीवर एका बाजूला ओढते. अशा वेळी हँडल वाकले आहे असे समजून फोर्क बदलणारे लोक आहेत. दोन्ही मागच्या टायरभोवती शिंप्याची टेप गुंडाळून घेर मोजावा आणि हवेनेच तो जुळवावा. टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगवेगळ्या वयाचे असतील, तर गेजवरचा आकडा जुळूनही घेर जुळत नाही, म्हणून शेवटचा शब्द टेपचा मानावा.

नवा टायर रिमवर बसवताना बीड, म्हणजे टायरची आतली कड, चढत नाही म्हणून दाब वाढवत जाणे धोक्याचे आहे. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. साबणाचे पाणी लावून टायरच्या मधोमध पट्टा आवळला, की कडा आपोआप रिमकडे सरकतात. ज्वलनशील स्प्रे फवारून काडी लावण्याची युक्ती कुणी सुचवली, तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवावे. ज्या जुन्या मॉडेलचा रिम दोन तुकड्यांचा असून बोल्टने जोडलेला आहे, त्याचे बोल्ट टायरमध्ये हवा असताना कधीही सोडू नयेत.

धुरा आणि ब्रेक

मागची बाजू जॅकवर घेऊन चाक वरखाली हलवावे. धुरा त्याच्या नळीत हलत असेल तर बेअरिंग गेले आहे. हब धुऱ्यावर हलत असेल तर आतल्या स्प्लाइन, म्हणजे धुरा आणि हब यांना अडकवणाऱ्या खाचा, झिजल्या आहेत. ही दोन वेगळी दुखणी असून दुसऱ्यावर नट आवळणे हा उपाय नाही, कारण झिजलेली स्प्लाइन काही मैलांतच पुन्हा सैल होते आणि जाताना चांगल्या भागालाही घेऊन जाते. ब्रेकचा ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. त्या काळातल्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे.

रंग आणि प्लास्टिक शेवटी

लाल चकाकणारी गाडी पाहण्याची घाई समजण्यासारखी आहे, पण रंग देण्याआधी गाडी निदान एकदा चालवून पाहिलेली असावी. हँडलखालची मान आणि पाय ठेवण्याच्या पट्ट्यांचे जोड या जागी बारीक तडे असतात. ते रंगाखाली झाकले जातात आणि वेल्डिंगला पुन्हा सगळे खरवडावे लागते. कोटिंगला देताना मानेवर ठोकलेला फ्रेम नंबर आणि बेअरिंगच्या जागा झाकून द्याव्यात. पॉलिइथिलिनच्या मडगार्डवर साधा रंग टिकत नाही, तो नखाने निघतो. पांढुरके पडलेले मडगार्ड बारीक कागदाने घासून हीट गनने किंचित तापवले, की मूळचा रंग काही काळ वर येतो. तडे मात्र त्याच जातीच्या प्लास्टिकच्या काडीनेच जोडावेत.

पहिली फेरी

पहिली फेरी डांबरी रस्त्यावर घेऊ नये. सलग धुऱ्यामुळे गाडी कडक पृष्ठभागावर वळायला नकार देते आणि सरळच ढकलली जाते. माती, गवत किंवा वाळू घ्यावी, हेल्मेट घालावे, वळताना शरीर आत झुकवून भार मात्र बाहेरच्या पायपट्टीवर द्यावा आणि आतले चाक हलके करावे. मोटारसायकलच्या सवयीने पाय खाली टेकवू नये, कारण मागचे चाक त्याच पायावर चढते. सुरुवातीच्या मॉडेलना ब्रेक मागेच असल्याने थांबायला लागणारे अंतरही अंदाजापेक्षा जास्त निघते.

परत आल्यावर धुऱ्याचे नट, साखळीचा ढिलेपणा आणि टायरचा घेर पुन्हा तपासावा, इंजिन थंड झाल्यावर टॅपेटही पाहावेत. तेल मात्र इंजिन गरम असतानाच उतरवून एका उथळ ताटात घ्यावे आणि त्यात चुंबक फिरवावा. करडा, बारीक गाळ लागला तर तो इतक्या वर्षांच्या झोपेचा समजून नवे तेल भरावे. चमकणारे, नखाला टोचणारे कण लागले, तर दोरी पुन्हा ओढायची नाही, क्रँककेस उघडायचा.