किराळ लागलेले जनावर : नव्या पशुवैद्यकांसाठी काही अनुभव

मंगळवेढा भागात मी पशुवैद्यक म्हणून काम सुरू केले, तेव्हा घाणेरीपासून कण्हेरीपर्यंत विषारी वनस्पतींची यादी मला पाठ होती. पण या मालदांडी वाणाच्या मुलखात खरा घात ज्वारीच करते, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळले. काढणीनंतर अवकाळी पाऊस झाला की धसकटांना हिरवेगार फुटवे येतात आणि महिनोन्‌महिने कडबा खाल्लेले जनावर दावे सुटताच त्यांवर तुटून पडते. या फुटव्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते. ते चावताना आणि पोटात फुटते, त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइडचे विष, सुटते आणि रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. यालाच शेतकरी किराळ लागणे म्हणतात.

माझ्याकडची पहिली गाय बांधाशी आडवी पडली होती. मान ताणलेली, तोंड उघडे, मांड्या थरथरत होत्या. मालक गुळाचे पाणी पाजायच्या तयारीत होते. मी त्यांना थांबवले, कारण धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात ओतलेले पाणी फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. पापणी ओढून पाहिली, तर आतला भाग लालभडक होता.

हा रंग पाहिल्याशिवाय औषध भरू नका, एवढे माझे कळकळीचे सांगणे आहे. युरिया भरपूर दिलेल्या आणि पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीतून नायट्रेटची विषबाधाही होते. तिच्यात रक्त चॉकलेटी दिसते आणि मिथिलीन ब्लू द्यावे लागते. सायनाइडवर उपयोगी पडणारे सोडियम नायट्राइट अशा जनावराला दिले, तर ते हातचे जाते. त्यामुळे शंका असेल तेव्हा मी फक्त सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतो. त्याने सायनाइडचे थायोसायनेट होऊन ते लघवीवाटे बाहेर पडते.

ती गाय अर्ध्या तासात उठली आणि मी निघालो, ही माझी चूक झाली. पोटातल्या चाऱ्यातून विष सुटतच होते. दिवेलागणीला ती पुन्हा कोसळली. तेव्हापासून शिरेतील औषधानंतर नळीने 30 ग्रॅम थायोसल्फेट पोटात देतो, गरजेप्रमाणे तासातासाने पुन्हा देतो आणि गाय रवंथ करू लागेपर्यंत गोठ्यातच थांबतो. निघताना मालकांना आवर्जून सांगतो, की नीट वाळवल्यावर चाऱ्यातले सायनाइड बरेचसे उडून जाते, नायट्रेट मात्र कडब्यातही तसेच राहते.