सीआर ०.२२ आला तेव्हा

जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशा-प्रणालीत, भूजलाचा नकाशा करायला घेतलात की एएचपीशी, म्हणजे कोणत्या घटकाला किती वजन द्यायचं ते ठरवण्याच्या पद्धतीशी, गाठ पडतेच. थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात ती मांडली. दोन-दोन घटक समोरासमोर ठेवायचे आणि कोणता किती वरचढ ते १ ते ९ मध्ये सांगायचं. तीन घटकांना तीन प्रश्न, सात झाले की एकवीस.

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी एका निवृत्त भूवैज्ञानिकांकडे तक्ता घेऊन गेलो. उतारापेक्षा खडक किती महत्त्वाचा? "३. बेसॉल्टात पाणी सापडतं ते झिजलेल्या थरात नाहीतर भेगांत." जमीनवापरापेक्षा उतार? पुन्हा ३. आणि जमीनवापरापेक्षा खडक? "२."

घरी येऊन हिशेब मांडला. ३ गुणिले ३ म्हणजे ९ यायला हवे होते. तंतोतंत ९ कुणीच सांगत नाही, थोडी सूट असतेच. ती हाताबाहेर गेली का, हे सीआर म्हणजे सुसंगती गुणोत्तर सांगतं. तक्त्यावरून लॅम्डा मॅक्स काढतात; उत्तरं तंतोतंत जुळली तर तो घटकांच्या संख्येइतकाच येतो. माझा ३.२५७ आला. त्यातून घटकांची संख्या ३ वजा केली, एकाने कमी म्हणजे २ ने भागलं: ०.१२८. तक्ता वाटेल तसा भरला तर तीन घटकांना हाच आकडा सरासरी ०.५८ येतो. त्याने भागलं की ०.२२. चालतं ०.१० पर्यंत.

एक्सेलमध्ये २ च्या जागी ९ टाकलं, सीआर थेट शून्य! रात्रभर ते तसंच ठेवलं होतं. पण मग ते मत त्यांचं उरलं नव्हतं. सकाळी परत गेलो आणि तेवढा एकच प्रश्न पुन्हा विचारला. ते म्हणाले, "जमीनवापरात तू काय काय धरलंयस?" उताराशी तुलना करताना त्यांच्या डोक्यात पीक, पड, जंगल होतं, खडकाशी करताना शेततळी आणि बांधबंदिस्तीही आली होती. माझ्या तक्त्यात व्याख्याच नव्हती. ती ठरवल्यावर ते म्हणाले, "मग ५." सीआर ०.०३.

म्हणून आधी प्रत्येक घटकाची व्याख्या एका ओळीत लिहा, आणि प्रत्येक आकड्याशेजारी 'का?' असा रकाना ठेवा. एकवीस प्रश्न एका बैठकीत उरकू नका, शेवटच्या पाच-सहांना माणूस दमलेला असतो. सीआर कमी म्हणजे उत्तर बरोबर, असंही धरू नका. सगळीकडे १ भरलं तरी तो शून्यच येतो.

तज्ज्ञ अनेक असतील तर प्रत्येकाचा सीआर वेगळा काढा, सगळ्यांचे आकडे एकत्र करणारा भूमितीमध्य (गुणाकाराचं मूळ काढून येणारी सरासरी) त्यानंतर. आधीच एकत्र केलं तर कोण कुठे अडला ते दिसतच नाही.